हात बांधल्यानंतरचे सात फटके

गोदाकाठचा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचतो. पण गेले आठ दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

नाशकातल्या एका गजबजलेल्या चौकात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. चौकाचं नाव लिहीत नाही, कारण कुणा एका ठाण्याकडे बोट दाखवायचा माझा हेतू नाही. गेल्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास साध्या वेशातले दोन पोलीस एका पोराच्या मागे धावत आले. डीबीचे, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाचे होते, हे नंतर कळलं. पोरगा एकोणीस-वीसचा असेल. माझं दुकान आणि शेजारची रसवंती यांच्या मधल्या बोळात तो अडकला. त्याने एकाच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि दुसऱ्याला असं ढकललं की ते गटाराच्या झाकणावर आपटले, कोपर फुटलं. मग दोघांनी मिळून त्याला खाली पाडलं, पालथा घातला, एक जण पाठीवर बसला आणि त्याच्याच गमछ्याने त्याचे हात मागे बांधले. खिशातून दोन मोबाइल निघाले. त्यातला एक तासाभरापूर्वी एका बाईंच्या हातातून हिसकावलेला होता. त्या बाई तिथे आल्या आणि त्यांनी तो ओळखला.

इथपर्यंत जे झालं त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. चावणाऱ्या, पळणाऱ्या माणसाला गोड बोलून धरता येत नाही, एवढं मला कळतं.

मग मोटारसायकलवरून तिसरा आला. गाडी स्टँडवर लावली, काठी काढली आणि त्या बांधलेल्या पोराच्या मांड्यांवर, पोटऱ्यांवर सात फटके दिले. गर्दीतून ओरडा झाला, "अजून द्या साहेब!" आणखी कुणीतरी म्हणालं, "पाय मोडा त्याचा." निम्म्या लोकांनी मोबाइल वर धरले होते.

रात्री शटर ओढून मी दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज पाहिलं. गमछ्याची गाठ बसली तिथपासून पहिला फटका पडेपर्यंत एक मिनिट चार सेकंद गेलेत. त्या मिनिटात पोरगा गाल जमिनीला टेकून पडलेला आहे, हललेलाही नाही. चावा बसलेले पोलीस बाजूला उभे राहून मनगट नळाखाली धरतायत. झटापट केव्हाच संपली होती.

फुटेजला आवाज नाही, पण माझ्या कानात तो अजून आहे. जाड जीन्सवर काठी पडली की घाटावर गोधडी धोपाटतात तसा आवाज येतो.

खरं तेच लिहितो. पहिला फटका पडला तेव्हा मला बरं वाटलं होतं. जूनमध्ये माझ्या पोरीचा मोबाइल असाच रिक्षातून खेचला गेला होता, ती दोन महिने रिक्षात बसायला तयार नव्हती. चौथ्या फटक्याला मात्र पोटात कसंतरी झालं, आणि तरी मी पायरीवरून खाली उतरलो नाही. याचीच मला जास्त टोचणी आहे.

माझं म्हणणं साधं आहे. हात बांधेपर्यंत जे झालं ती अटक होती. नंतरचे सात फटके ही शिक्षा होती आणि ती द्यायचा अधिकार त्या तिघांपैकी कुणालाही नव्हता. पोरगा दोषी निघाला तरीही नव्हता.

आता अडचण. माझ्या डीव्हीआरमध्ये पंधरा दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं, जुन्यावर नवं चढतं. आठ दिवस गेले. आजूबाजूचे दुकानदार म्हणतात, "कशाला लफड्यात पडतो, उद्या तुझ्याच दुकानासमोर गाड्या उचलायला येतील." तुम्हाला काय वाटतं?

सातपूरकर

दादा, तुमच्या भावना कळतात, पण मला पटलं नाही.

माझ्या बायकोचं मंगळसूत्र सकाळी फिरायला गेलेली असताना खेचलं. तुटेना म्हणून त्यांनी तिला दहा-बारा फूट फरफटत नेलं. मानेभोवती लाल वळ होता, गुडघ्याची कातडी गेली होती. त्या मंगळसूत्रातल्या दोन वाट्या माझ्या आजीच्या होत्या. आरोपी सापडला, दोन आठवड्यांत जामिनावर सुटला. आम्ही अजून तारखांना जातोय. बायको आता अंगणातसुद्धा गळ्यावर पदर घेऊन उभी राहते.

तुम्ही सात फटके मोजलेत. आमच्यासारख्यांचं कोण मोजतं? कोर्टात न्याय मिळायला दहा वर्षं लागणार असतील तर चौकात मिळालेला थोडासा तरी आम्हाला चालेल. पोलिसाने चोराला मारलं की माझ्यासारख्या माणसाला वाटतं, कुणीतरी आपल्या बाजूने हात उचलला. याला तुम्ही रानटीपणा म्हणा, माझी हरकत नाही.

द्राक्षबाग

सातपूरकरांना +१. मी निफाड तालुक्यातला, पण पोरं शिकायला नाशकात. २०२५ च्या ऑक्टोबरात पोलिसांनी पकडलेल्या गुंडांकडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" असं वदवून घेतल्याचे व्हिडिओ आले तेव्हा आमच्या गावात पारावर बसून लोकांनी ते एकमेकांना दाखवले. जे भाई म्हणून मिरवत होते, ज्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकांत लागायचे, ते हात जोडून तीच घोषणा देत होते. त्यात राजकीय पक्षांची माणसंही होती, कुणाला सोडलं नाही. गावातल्या बारक्या पोरांना भाईगिरीचं आकर्षण असतं, ते त्या पंधरा दिवसांत उतरलेलं मी पाहिलंय. भीती बसायलाच हवी.

कोर्टाची पायरी

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. सातपूरकर, तुमच्या घरावर जे गुदरलं ते वाचून वाईट वाटलं. तुमच्या पत्नीच्या बाजूने उभी राहणारी वकील म्हणूनच पुढचं वाचा, अशी विनंती.

कायदा अटकेत बळ वापरू नका असं म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ म्हणतं की माणूस जोराने प्रतिकार करत असेल तर अटकेसाठी आवश्यक ते सर्व उपाय पोलीस करू शकतात. जुन्या संहितेत हेच कलम ४६ होतं. थोडं पुढे गेलं की कलम ४६ येतं, जुनं ४९: पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडू नये. ही दोन कलमं मिळून धागालेखकांच्या प्रश्नाचं उत्तर देतात. बळ कामाला बांधलेलं आहे. काम झालं की अधिकार संपतो. गमछ्याची गाठ बसली तिथे तो संपला.

आता बाकीचं. १८ डिसेंबर १९९६ ला डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी अकरा सूचना दिल्या. त्या खटल्याची सुरुवात १९८६ साली सरन्यायाधीशांना लिहिलेल्या एका पत्रापासून झाली होती, हे मला नेहमी धीर देतं. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा दिसला पाहिजे. अटकेचा मेमो जागेवर करून त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची सही घेतली पाहिजे. नातेवाइकाला कळवलं पाहिजे. हे सगळं आता संहितेतच आहे. धागालेखक, त्या मेमोवर तुमची सही घेता आली असती. तुम्ही तिथे बघे म्हणून उभे होतात, पण कायद्याच्या नजरेत तुम्ही साक्षीदार होतात.

मोबाइल हिसकावणं हा नव्या न्याय संहितेच्या कलम ३०४ खालचा गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नका, अटक का गरजेची आहे ते लिहून ठेवा, असं २०१४ साली अर्नेश कुमार निकालात सांगितलंय. इथे पळत होता, चावला होता, अटकेची कारणं भरपूर होती. म्हणजे पोलिसांची केस मजबूत होती. ती त्या सात फटक्यांनी कमकुवत झाली.

आता धिंड आणि व्हिडिओ. दरोडा, जबरी चोरीच्या खटल्यात सरकार पक्षाचं मोठं हत्यार असतं ओळख परेड. तुरुंगात, तहसीलदारांसमोर, सारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत फिर्यादी आरोपीला ओळखतो. आरोपीचा चेहरा आधीच मोबाइलवर फिरला असेल तर बचावाचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, "तुम्ही हा माणूस परेडच्या आधी व्हिडिओत पाहिला होता का?" फिर्यादी खरं बोलतो, "हो." त्या परेडची किंमत तिथेच जाते. मी स्वतः बचावासाठी हा प्रश्न विचारलाय आणि माणूस सुटलेला पाहिलाय. सातपूरकर, तुमच्या चोराला चौकात मारून फिरवला असता तर तुम्हाला दोन दिवस समाधान मिळालं असतं आणि त्याला कायमची सुटका.

संपादक मंडळ

चर्चा चांगली चालू आहे. कृपया ठाण्याचं, अधिकाऱ्याचं किंवा त्या मुलाचं नाव, गाडीचा नंबर, फुटेजमधला फोटो इथे टाकू नये. एक प्रतिसाद याच कारणाने काढला आहे.

निवृत्त खाकी

सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, चौतीस वर्षं नोकरी. सुरुवात हवालदारांच्या मागे डायरी धरून फिरण्यापासून. बोलू का नको असं दोन दिवस चाललं होतं.

आधी माझ्या माणसांची बाजू. ज्याने सकाळी आठला ड्युटी धरली, दुपारी कोर्टात आरोपी नेला, संध्याकाळी मंत्र्याच्या बंदोबस्तात उभा राहिला आणि साडेसातला चोरामागे धावला, त्याच्या मनगटातून रक्त येतंय हे ऐकून त्याचा जोडीदार काठी घेऊन आला. माणसाच्या चाव्याने काय काय होऊ शकतं ते विचारा डॉक्टरांना, इंजेक्शनं घ्यावी लागतात. हे तुम्ही पायरीवरून बघताना ध्यानात येत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही मी आमच्या मुलांना निवृत्तीआधी सांगायला लागलो होतो. मार दोन तऱ्हेचा असतो. ठाण्यातला मार रिकव्हरीसाठी असतो. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण आरोपीने दाखवलेल्या जागेवरून मुद्देमाल निघाला तर तो भाग चालतो. म्हणून सगळा जोर मुद्देमालावर. महिन्याच्या बैठकीत वरिष्ठ विचारतात किती उघड, किती जप्त. कसं जप्त, हे माझ्या नोकरीत कुणी विचारल्याचं आठवत नाही.

रस्त्यावरचा मार मात्र लोकांसाठी असतो. "अजून द्या साहेब" हे त्या पोराच्या कानात जातं तसंच काठीवाल्याच्याही कानात जातं. गर्दी नसती तर ते सात फटके पडलेच नसते, किंवा दोनवर थांबले असते, हे मी पैजेवर सांगतो.

माझ्या हातून घडलेलं सांगतो. गाव आणि ठाणं सांगत नाही. सोनसाखळीच्या गुन्ह्यात एक पोरगं उचललं. दोन दिवस पट्ट्याने हाणलं. तिसऱ्या दिवशी त्याने एका सराफाचं नाव घेतलं. आम्ही गेलो. सराफ म्हातारा होता, घाबरला आणि चौदा ग्रॅमची लगड काढून दिली. पंचनामा झाला, फिर्यादी बाईला सोनं मिळालं, साहेबांनी शाबासकी दिली. सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात एक टोळी धरली गेली. त्यांच्याकडे ती साखळी तशीच सापडली, लॉकेटच्या मागे बाईच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं. म्हणजे त्या पोराने मार चुकवायला डोक्यात आलं ते नाव घेतलं होतं आणि सराफाने बदनामी चुकवायला स्वतःच्या दुकानातलं सोनं दिलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. पोरगं तोवर पाच महिने आत राहून आलेलं होतं. नंतर एकदा बसस्टँडवर दिसलं, मी तोंड फिरवलं.

मारून माणूस बोलतो खरा. काय बोलेल याचा भरवसा नसतो.

मखमलाबादची

काका, तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहिते.

माझ्या भावाला रात्री साडेनऊला गाडी अडवून नेलं होतं. काळी पल्सर, मागचा नंबर अर्धा झिजलेला, एवढंच साम्य. रात्री दोनला सोडला. कागद नाही, सही नाही, अटक दाखवलीच नाही. वडील ठाण्याबाहेर चार तास बाकावर बसून होते, त्यांना "येईल थोड्या वेळात" एवढंच सांगत राहिले. भावाच्या तळपायांवर मारलं होतं. तो महिनाभर म्हणायचा की चप्पल चावलीये. आईने एक दिवस तो झोपलेला असताना पाय पाहिले.

तो भाई नव्हता, फ्लेक्सवर नव्हता. अंबडच्या कंपनीतून दुसऱ्या पाळीहून घरी येत होता. द्राक्षबाग दादा, भीती बसायला हवी म्हणालात ना, ती आमच्या घरात बसलीये. आता कुठेही पोलीस दिसला की तो गाडी वळवतो, आणि गाडी वळवली की संशय येतो.

स्टेथो

सरकारी रुग्णालयात अपघात विभागात सात वर्षं काढली, आता खासगी काम करतो.

अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी करायची, हे कायद्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. रात्री अकराला हवालदार आरोपीला घेऊन येतो. बाहेर अपघाताचे दोन पेशंट, एक विष घेतलेली मुलगी. हवालदार म्हणतो, "डॉक्टर, तेवढं मेडिकल करून द्या." आरोपीच्या शेजारी तो उभाच. मी विचारतो, "काही मार लागलाय का?" आरोपी हवालदाराकडे बघतो आणि म्हणतो, "नाही." मी लिहितो, अंगावर ताज्या जखमा नाहीत. पहिली दोन वर्षं मी हे असंच केलं.

मग एका वरिष्ठ बाईंनी मला शिकवलं: पोलिसाला दाराबाहेर उभं कर, दार उघडं ठेव, म्हणजे आरोपी पळायची भीती नाही आणि बोलणं ऐकू जात नाही. कपडे काढायला लाव. तसं केलं त्या पहिल्याच रात्री एका माणसाने सदरा वर केला. काठीचा वळ एकदा पाहिला की विसरत नाही. गोल काठीने मारलं की दोन लाल समांतर रेघा उमटतात आणि मधली कातडी फिकट राहते, कारण मधलं रक्त दाबाने बाजूला सरकून कडांच्या केशवाहिन्या फुटतात. पडून लागलं, धडपडलो, यातून असा वळ उठत नाही. रंगही बोलतो. ताजा लाल, मग निळा-जांभळा, काही दिवसांनी हिरवट, शेवटी पिवळा. दिवस अचूक सांगता येत नाही, पण अटकेच्या आधीचा की नंतरचा याचा अंदाज बऱ्याचदा येतो. तळपायावर मारतात ते याचसाठी, तिथली कातडी जाड, खूण कमी राहते. मखमलाबादच्या ताईंनी लिहिलंय ते वाचून मला ते सगळे "चप्पल चावली" म्हणणारे आठवले.

अजून एक, कारण धाग्यात पाठीवर बसण्याचा उल्लेख आलाय आणि सगळ्यांनी तो योग्य धरून पुढे सोडलाय. पालथा पाडून क्षणभर दाबणं वेगळं. पालथा, हात मागे बांधलेला आणि पाठीवर वजन, असं मिनिटं दोन मिनिटं राहिलं तर छाती फुगायला जागा राहत नाही. धावून आलेल्या, झटापट केलेल्या माणसाला आधीच जास्त हवा लागत असते. २५ मे २०२० ला अमेरिकेत मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवला होता तो नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद. तेव्हाही बघणारे होते, त्यांच्यातल्या एका मुलीने शूटिंग केलं म्हणून जगाला कळलं, आणि पोलीस अधिकाऱ्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. हात बांधून झाले की लगेच कुशीवर वळवायचं किंवा उठवून बसवायचं, एवढं एक पाळलं तरी जीव वाचतात. धागालेखक, तुमच्या फुटेजमधल्या त्या एक मिनिट चार सेकंदांत त्याच्या पाठीवर कुणी होतं का?

आणि खाकी काका बरोबर सांगतायत, माणसाचा चावा वाईटच. त्या पोलिसाने मनगट नळाखाली धरलं ते उत्तम केलं, पण त्याने दवाखान्यात जायला हवं होतं.

गोदाकाठचा

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून पुन्हा पाहिलं. गाठ बसल्यावर नऊ सेकंदांनी ते पाठीवरून उठलेत. मला ते आधी दिसलंच नव्हतं, मी फक्त काठीकडे बघत होतो. तेवढं त्यांनी नीट केलं, हेही इथे लिहून ठेवतो.

मखमलाबादच्या ताई, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. बायको काही बोलली नाही, उठून आत गेली.

सातपूरकर दादा, माझ्या पोरीचा मोबाइल गेला तेव्हा मी जे जे बोललो होतो ते तुमच्याहून कडक होतं. त्यामुळे तुम्हाला उपदेश करायला मी लिहीत नाहीये. माझा प्रश्न माझ्यापुरता आहे. मी पाहिलंय आणि माझ्याकडे पुरावा आहे. तो मी गप्प बसून पुसू द्यायचा का? काल त्या पोराची आई दुकानात आली होती. कुणीतरी तिला कॅमेरा दाखवला असणार. वाद घातला नाही, रडली नाही. म्हणाली, "त्यानं चोरी केली, ते मी नाकारत नाही. पण त्याला चालता येत नाही, आणि ठाण्यात म्हणतात पळताना पडला." मग दहा रुपयांच्या झेरॉक्स काढून गेली. आधार कार्ड, रेशन कार्ड, जामिनासाठी.

द्राक्षबाग

"पळताना पडला" हे लिहिलं असेल तर मात्र चूक आहे. मारलं तर मारलं म्हणून सांगायची छाती हवी. खोटं कशाला.

कोर्टाची पायरी

द्राक्षबाग दादा, मारलं म्हणून सांगितलं तर तो गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, म्हणूनच खोटं येतं. माल परत मिळवायला किंवा कबुली काढायला मारहाण करणं हा १८६० च्या दंड संहितेपासून गुन्हा आहे, जुनं कलम ३३०, आताचं १२०, सात वर्षांपर्यंत. त्या कलमाखाली समजावून सांगायला जी उदाहरणं छापलीत त्यातलं पहिलंच पोलीस अधिकाऱ्याचं आहे. इंग्रजांनाही ठाऊक होतं कुणासाठी कलम लिहितोय ते.

धागालेखक, आता कामाचं बोलते.

डीव्हीआरमधून त्या दिवसाचं सात ते साडेआठचं रेकॉर्डिंग पूर्ण काढा. फक्त मारहाणीचा तुकडा काढू नका, चावा आणि झटापटही त्यात आली पाहिजे. अर्धवट दिलंत तर तुमच्यावरच शंका घेतील, आणि ते पोलिसांवरही अन्यायाचं होईल. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करू नका, मूळ फाइल घ्या. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, जुनं ६५-ब. त्यात आता फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, लिहावी लागते आणि तज्ज्ञाचीही सही लागते. ते मी करून देईन, फी नको. फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका. त्या आईलाही नाही. ती देईल वकिलाला, वकील देईल पत्रकाराला, आणि चावा घेणाऱ्या पोराचा चेहरा जगभर होईल. ओळख परेडचं मी वर लिहिलंय ते त्यालाही लागू आहे.

तक्रार कुठे? आधी वरिष्ठांकडे लेखी, पोच घेऊन. त्याने भागलं नाही तर पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यातल्या २००६ च्या निकालानंतर आपल्या राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण कायद्याने आलंय. गंभीर दुखापत, रीतसर कार्यपद्धती न पाळता केलेली अटक, हे त्यांच्या कक्षेत येतं. राज्य मानवी हक्क आयोगही आहे. आणि ठाण्याच्या आतलं काही असेल तर २ डिसेंबर २०२० चा परमवीर सिंह सैनी निकाल: ठाण्यात आवाजासह कॅमेरे, रेकॉर्डिंग अठरा महिने जपायचं, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष. तुमच्या पंधरा दिवसांच्या डीव्हीआरपुढे हे बरंच आहे. पोरगा ठाण्यात कसा शिरला, चालत की उचलून, ते तिथे दिसेल. त्या आईने आपल्या वकिलाकरवी ते जपून ठेवायचा अर्ज या आठवड्यातच द्यावा.

आणि पुढच्या तारखेला न्यायाधीश त्याला विचारतील, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" तेव्हा त्याने बोलावं. शंभरातले बहुतेक "नाही" म्हणतात, कारण परतीच्या गाडीत शेजारी तेच पोलीस असतात. पण एकदा "तक्रार नाही" असं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, गेलं की नंतर फार जड जातं.

निवृत्त खाकी

वकीलबाईंनी सगळं बरोबर सांगितलं. मी एक भर घालतो. तक्रार थेट आयोगाकडे नेऊ नका, आधी सहायक आयुक्तांना भेटा. मी हे माझ्या खात्याला वाचवायला सांगत नाहीये. ज्याला चावा बसला त्या पोलिसाचीही बाजू फाइलवर यायला हवी, आणि काठीवाल्याला समज द्यायची की निलंबित करायचं हे वरच्याने ठरवायला हवं. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. राज्यभरातून हजारो पोलीस इथे येतील, त्यातल्या निम्म्यांना रामकुंड कुठे हेही माहीत नसेल. आत्ता एका चौकातलं सरळ केलं नाही तर त्या गर्दीत कोण कुणाला आवरणार?

आपल्या त्र्यंबक रस्त्यावरच्या अकादमीत राज्यभरातले फौजदार तयार होतात. मी तिथे काही दिवस कोर्सला होतो. लाठी कमरेखाली, डोक्यावर नाही, जमाव हटला की थांबायचं, हे कवायतीत रोज घोटून घेतात. म्हणजे शिकवत नाहीत असं नाही. ठाण्यावर आल्यावर पहिल्या आठवड्यात जुने लोक जे शिकवतात ते टिकतं. मीही जुन्यांपैकीच होतो.

तुम्ही एकटे जाऊ नका. मी येतो बरोबर. मला अजून तिथले दोन-चार जण ओळखतात.

मखमलाबादची

काका, माझ्या भावाचं आता काही होईल का? सव्वा वर्ष झालं.

कोर्टाची पायरी

ताई, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दवाखान्याचा एखादा कागद, त्या रात्रीचे वडिलांचे फोन, जे असेल ते शोधून ठेवा. आश्वासन देत नाही, पण कागद पाहू.

सातपूरकर

चार दिवस हा धागा वाचतोय. माझं मत फार बदललं असं म्हणणार नाही. आजही तो मंगळसूत्रवाला समोर आला तर माझा हात थांबेल की नाही माहीत नाही. पण ओळख परेडचं वकीलताईंनी लिहिलं ते मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. आमच्या केसमध्ये परेडच्या आधी बायकोला त्याचा फोटो मोबाइलवर दाखवला होता, "हाच ना?" म्हणून. आम्हाला वाटलं, मदतच करतायत. आता पोटात गोळा आलाय.

दादा, फुटेज पुसू नका.

गोदाकाठचा

मंडळी, आज दुपारी डीव्हीआरवाल्या मुलाला बोलावून दीड तासाचं सगळं उतरवून घेतलं. दोन पेन ड्राइव्ह केलेत, एक घरी, एक वकीलताईंकडे. डीव्हीआरचं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे, तेही लिहून त्यावर सही केली. शेजारच्या रसवंतीवाल्याने विचारलं काय चाललंय, त्याला खरं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "माझ्याही कॅमेऱ्यात असेल बघ. दुसऱ्या बाजूनं." त्याचा डीव्हीआर बाराच दिवस ठेवतो. आजचा बारावा होता. दुकान तसंच टाकून आम्ही दोघं त्याच्या माळ्यावर चढलो. मिळालं.

काका, सहायक आयुक्तांची वेळ उद्या साडेअकराची मिळाली आहे. अकराला दुकानापाशी या, इथूनच निघू.